ला फ्लेशचे राजविद्यालय : श्रेय कोणाचे?

काही वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या एका छोट्या अभ्यासमंडळात मी डेव्हिड ह्यूमवर बोललो होतो. ‘मी’ म्हणून कोणी स्थिर आत्मा सापडत नाही, सापडतो तो केवळ संवेदनांचा जुडगा, हे ह्यूमचे म्हणणे ऐकल्यावर सभेतल्या बऱ्याच जणांना ‘मिलिंदप्रश्ना’तला रथ आठवला. मलाही तो आधीच आठवला होता. भाषणाच्या शेवटी मी छातीठोकपणे सांगून टाकले की, ह्यूमने आपला मुख्य ग्रंथ फ्रान्समधल्या ला फ्लेश या गावी लिहिला. तिथल्या जेझुइट कॉलेजात सयाम पाहून आलेला एक पाद्री राहत होता. तिबेटात राहून आलेला दुसरा पाद्री तिथे येऊन गेला होता. सबब बुद्धाचा विचार ह्यूमपर्यंत पोहोचला होता. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतले एक निवृत्त शिक्षक उठले आणि शांतपणे म्हणाले, “पोहोचला होता, की पोहोचू शकला असता?”

मी काहीतरी उत्तर देऊन वेळ निभावली. ते उत्तर टिकणारे नव्हते, हे घरी जाईपर्यंत मला कळले होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

उत्तर शोधायला लागलो तेव्हा प्रश्न ह्यूमपुरता राहिला नाही. ला फ्लेशच्या राजविद्यालयाविषयी लिहिणारे साधारण तीन प्रकारचे लोक मला भेटले. पहिला प्रकार धर्मसंघाच्या अभिमानी इतिहासकारांचा. कामीय द रोशमोंतेक्स या जेझुइट पाद्र्याने १८८९ साली या कॉलेजाचा चार खंडांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याच्याशिवाय आजही कोणाचे पान हलत नाही. त्याचा सूर असा की, पाहा, देकार्तसारखा माणूस आम्ही घडवला. दुसरा प्रकार आधुनिक विचाराच्या चरित्रकारांचा. त्यांच्या मते देकार्त घडला तो कॉलेजाला लाथ मारून. तिसरा प्रकार अलीकडचा: या कॉलेजातून पूर्वेचा विचार युरोपात झिरपला, असे म्हणणाऱ्यांचा. तिघांचे निष्कर्ष वेगळे असले तरी तिघांनीही कॉलेजाकडे नळ म्हणून पाहिले आहे. एका तोंडातून काय आत गेले आणि दुसऱ्या तोंडातून काय बाहेर पडले, एवढाच हिशोब. मला हा हिशोब अपुरा वाटतो.

एक सौदा

या कॉलेजाचा जन्मच संशयातून झाला. १५९४ च्या डिसेंबरात झाँ शातेल या तरुणाने फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्यावर सुरीने हल्ला केला. राजा बचावला. हल्लेखोर पॅरिसच्या जेझुइट कॉलेजात शिकलेला निघाला. पॅरिसच्या पार्लमेंटने, म्हणजे तिथल्या उच्च न्यायसभेने, जेझुइटांना हद्दपार केले. त्यांच्यातल्या एका पाद्र्याला फासावर चढवले. हेन्री मूळचा प्रॉटेस्टंट. गादी टिकवण्यासाठी १५९३ साली तो कॅथलिक झाला आणि १५९८ मध्ये नांतच्या फर्मानाने त्याने प्रॉटेस्टंटांना संरक्षण दिले. अशा राजाला पोपशी निष्ठा वाहिलेल्या संघाची भीती वाटावी आणि गरजही वाटावी, यात नवल नाही. १६०३ साली त्याने जेझुइटांना परत बोलावले, पण अटी घालून: फ्रान्समधला जेझुइट फ्रेंचच असावा आणि त्याने राजाशी एकनिष्ठतेची शपथ घ्यावी. त्याच वेळी त्याने आंजू प्रांतातल्या ला फ्लेश गावातला आपल्या घराण्याचा वाडा त्यांना कॉलेजासाठी दिला. १६०४ मध्ये वर्ग सुरू झाले. जवळपासच्या जुन्या मठांचे उत्पन्न पुढे या कॉलेजाला जोडून देण्यात आले.

राजाने आणखी एक वचन दिले होते: मेल्यावर माझे हृदय इथल्या देवळात ठेवा. १४ मे १६१० रोजी रावायाक नावाच्या माथेफिरूने पॅरिसच्या रस्त्यात राजाचा खून केला आणि जूनच्या आरंभी त्याचे हृदय मिरवणुकीने ला फ्लेशला आणले गेले. ज्या संघावर आपल्या खुनाच्या कटाचा संशय होता त्याच संघाच्या हाती राजाने आपले हृदय दिले. हे औदार्य होते, तसाच हा सौदाही होता. राजाला विश्वासू प्रजा घडवणारी शाळा हवी होती. संघाला राजाचे छत्र हवे होते. राजविद्यालय आणि धर्मसंघ यांची गाठ अशी पडली. पुढची दीडशे वर्षे या कॉलेजात काय बोलता येत होते आणि काय नाही, याची किल्ली या सौद्यात आहे.

वर्गात काय चाले

संघाने १५९९ साली आपल्या सगळ्या शाळांसाठी एक अभ्यासक्रम ठरवून दिला होता. आधी काही वर्षे लॅटिन व्याकरण, मग काव्य आणि वक्तृत्व, आणि शेवटी तीन वर्षे तत्त्वज्ञान: तर्क, निसर्गविचार, अतिभौतिक. तत्त्वज्ञानाचा पाया ॲरिस्टॉटल. गणितालाही जागा होती, आणि ती त्या काळातल्या बऱ्याच विद्यापीठांपेक्षा बरी होती, कारण क्लाव्हियससारखा गणिती संघातच होता. शिकवणी फुकट, खर्च असे तो वसतिगृहात राहण्याचा. सरदारपुत्र आणि कारागिराचा मुलगा एकाच बाकावर बसत. विद्यार्थ्यांची संख्या लवकरच हजारावर गेली.

पण या अभ्यासक्रमाचा प्राण होता तो वाद. आठवड्याला वर्गात, महिन्याला मोठ्या सभेत. एकाने सिद्धांत मांडायचा, दुसऱ्याने त्यावर आक्षेप घ्यायचे. आक्षेप कच्चा घेतला तर हसे होई. आपल्याकडे ज्याला पूर्वपक्ष म्हणतात तो नीट मांडता आला पाहिजे, ही अट होती. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्यापेक्षा चांगले मांडा आणि मग खोडा. आपल्या शास्त्रार्थाची सवय असलेल्या वाचकाला हे अनोळखी वाटणार नाही. फरक एवढाच की, शेवटचा सिद्धांत आधीच ठरलेला असे आणि तो बदलण्याची मुभा कोणालाही नव्हती.

बाहेरचे जग मात्र भिंतींवरून आत येत होते. राजाच्या मृत्यूला वर्ष झाले तेव्हा, १६११ मध्ये, कॉलेजात मोठा स्मृतिसोहळा झाला. विद्यार्थ्यांनी रचलेल्या कविता वाचल्या गेल्या. त्यातल्या एका सुनीताचा विषय होता गॅलिलिओने गुरू ग्रहाभोवती शोधलेले नवे ग्रह! गॅलिलिओचे पुस्तक निघून जेमतेम वर्ष झाले होते. ॲरिस्टॉटलच्या आकाशाला तडा देणारी बातमी ॲरिस्टॉटल शिकवणाऱ्या कॉलेजात राजाच्या श्राद्धाच्या कवितेत सजून आली. हे सुनीत देकार्तचेच, असे काही उत्साही लोक म्हणतात. कवीचे नाव नोंदलेले नाही, तेव्हा हा दावा सोडून द्यावा हे बरे. सुनीत कोणाचेही असो, त्या काळच्या कॉलेजाचा अंदाज त्यावरून येतो: बातमी आत येऊ शकत होती, फक्त तिने दरबारी पोशाख घालायला हवा होता.

देकार्तचे ऋण आणि देकार्तचे बंड

देकार्त इथे सुमारे १६०७ ते १६१५ या काळात शिकला. त्याच्याभोवती दंतकथांचे जाळे आहे आणि त्यातले बरेचसे आद्रियाँ बाये याच्या १६९१ च्या चरित्रातून आले आहे. त्यातली एक अशी की, देकार्त आणि मेर्सेन हे शाळूसोबती. दोघेही इथलेच विद्यार्थी, पण मेर्सेन देकार्तपेक्षा आठ वर्षांनी मोठा. १६०९ मध्ये तो शिकून बाहेरही पडला. दहा-बारा वर्षांच्या मुलाची आणि विशीतल्या तरुणाची गाढ मैत्री जुळली असेल, हे पटत नाही. ती पुढे पॅरिसात जुळली. पण चरित्रकाराला एका अंगणात दोन थोर माणसे खेळताना पाहायची होती.

१६३७ च्या ‘पद्धतीविषयीच्या प्रबंधा’त देकार्तने आपल्या शिक्षणाचा हिशोब मांडला. आपण युरोपातल्या अत्यंत नामांकित शाळेत होतो, असे तो सांगतो, पण शाळेचे नाव घेत नाही. सगळे शिकून संपल्यावर हाती आले ते शंका आणि अज्ञानाची जाणीव, हा त्याचा निष्कर्ष. बंडखोर देकार्तचे चाहते इथे थांबतात. त्यांनी पुढची पानेही वाचावीत. भाषा, कथा, इतिहास, वक्तृत्व, गणित यांतल्या प्रत्येकाचा उपयोग तो एकेक करून मान्य करतो. शिवाय पुस्तक छापून होताच त्याने त्याची प्रत आपल्या जुन्या जेझुइट शिक्षकाकडे पाठवली. १६३८ साली एका ओळखीच्या गृहस्थाने मुलाला कुठे पाठवू, असे विचारले तेव्हा देकार्तने ला फ्लेशचेच नाव सुचवले. तत्त्वज्ञान याहून चांगले कुठे शिकवले जात नाही, असे त्याने कळवले. आणि तिथे थोरामोठ्यांच्या मुलांना व सामान्यांच्या मुलांना जवळजवळ सारखेच वागवतात, याचे विशेष कौतुक केले.

मग हा माणूस ऋणी की बंडखोर? मला वाटते, उत्तर त्याच्या १६४१ च्या ‘चिंतनां’च्या बांधणीत आहे. ते पुस्तक एकट्याचे मनन म्हणून वाचण्याची आपल्याला सवय लागली आहे. पण ते छापले गेले तेच आक्षेप आणि उत्तरे यांच्यासह, आणि विद्वानांकडून आक्षेप गोळा करण्याचे काम केले मेर्सेनने. म्हणजे ला फ्लेशच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी कॉलेजातल्या मासिक वादसभेचा आराखडाच छापखान्यात नेला. बदल एकच केला, पण मुळावरचा: सिद्धांत आधी ठरलेला नव्हता. सगळ्यावर संशय घेणारा पूर्वपक्ष वर्गात काही मिनिटांपुरता उभा करायचा असतो. देकार्तने तो उभा केला आणि त्याला त्याच्या टोकापर्यंत जाऊ दिले.

धर्मसंघाला हे सोसले नाही. बुर्दँ या जेझुइटाने त्याच्यावर कडाडून टीका केली. देकार्तने तक्रार केली ती दिने यांच्याकडे. ते संघाचे वरिष्ठ होते आणि देकार्तच्या विद्यार्थिदशेत ला फ्लेशलाच होते. आपली पुस्तके जेझुइट शाळांत शिकवली जावीत ही त्याची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. मृत्यूनंतर, १६६३ मध्ये, त्याचे ग्रंथ रोमच्या निषिद्ध यादीत गेले. रोशमोंतेक्सच्या अभिमानाला आणि बंडाच्या कथेला एकाच वेळी अडचणीत आणणारे हे वास्तव आहे. ज्या शाळेने त्याला हत्यार दिले तिला त्या हत्याराची धार परवडणारी नव्हती.

शिक्षकांची भाषा

देकार्तने ‘प्रबंध’ फ्रेंचमध्ये लिहिला. कारण सांगताना त्याने फ्रेंचला आपल्या देशाची भाषा म्हटले आणि लॅटिनला आपल्या शिक्षकांची भाषा. शाळेविरुद्धचे त्याचे सर्वांत धीट विधान मला हेच वाटते. संघाच्या नियमाने वर्गात लॅटिनच बोलायचे असे.

इथे मराठी वाचकाने क्षणभर गोव्याकडे पाहावे. देकार्त ला फ्लेश सोडून वर्षही झाले नसेल तेव्हा, १६१६ मध्ये, त्याच जेझुइट संघाच्या रायतूर येथील छापखान्यातून फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ निघाले. भाषा मराठी, छंद ओवीचा, लिपी रोमन. फ्रान्समध्ये देशभाषेला वर्गाबाहेर ठेवणारा संघ गोव्यात देशभाषेत पुराण सांगत होता. यात विसंगती नाही. संघाच्या लेखी भाषा हे साधन होते. फ्रान्समध्ये सरदारपुत्रांना युरोपच्या विद्वत्सभेत बसवायचे होते, तिथे लॅटिन लागे. गोव्यात नवख्रिस्ती श्रोत्यांना त्यांच्या जुन्या पुराणांपासून वळवायचे होते, तिथे ओवी लागे. दोन्ही ठिकाणी सिद्धांत पक्का होता. स्टीफन्स यांचे मराठी प्रेम खोटे होते असे मी म्हणणार नाही. ओवी ओवीतून ते दिसते. पण संघाने ते छापले ते प्रेमाखातर नव्हे.

ओवऱ्यांतला तो जेझुइट

आता ह्यूमकडे. तो १७३५ मध्ये ला फ्लेशला आला, दोन वर्षे राहिला आणि ‘मानवी स्वभावावरील प्रबंध’ हा ग्रंथ त्याने मुख्यतः इथेच लिहिला. तो १७३९-४० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. २००९ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलिसन गॉपनिक यांनी एका शोधनिबंधात विचारले, ह्यूमला बौद्ध विचार ठाऊक असू शकेल काय? त्यांनी दाखवून दिले की, शार्ल फ्रांस्वा दोल्यू हा वृद्ध जेझुइट त्या वेळी कॉलेजात राहत होता. १६८७ च्या फ्रेंच वकिलातीबरोबर तो सयामला गेला होता आणि तिथल्या उठावानंतर पाँडिचेरीत राहिला होता. इप्पोलितो देसिदेरी हा इटालियन जेझुइट १७१३ मध्ये गोव्यात उतरला, दिल्ली-लडाखमार्गे १७१६ मध्ये ल्हासाला पोहोचला आणि परतीच्या वाटेवर १७२७ मध्ये ला फ्लेशला येऊन गेला. गॉपनिक यांची मेहनत अस्सल आहे. आणि त्यांनी शीर्षकातच प्रश्नचिन्ह ठेवले आहे. ते प्रश्नचिन्ह खाल्ले माझ्यासारख्यांनी.

पुरावा काय सांगतो? ह्यूम दोल्यूला भेटल्याचा एकही कागद नाही. देसिदेरी येऊन गेला तो ह्यूमच्या आठ वर्षे आधी, आणि त्याचा तिबेटवरचा ग्रंथ छापण्यास रोमने परवानगी दिली नव्हती. उलट, १७३७ च्या ऑगस्टमध्ये, फ्रान्समधून निघण्याच्या सुमारास, ह्यूमने एका मित्राला पत्र लिहून आपले पुस्तक समजायला आधी काय वाचावे ते कळवले. त्या यादीत मालब्रांश आहे, बर्कली आहे, पिएर बेलच्या कोशातले काही लेख आहेत आणि देकार्तची ‘चिंतने’ आहेत. पूर्वेचा उल्लेख हवाच असेल तर बेलने स्पिनोझावरच्या लेखात काही पौर्वात्य मतांची चर्चा केली आहे. पण ती छापील पुस्तकातली, ला फ्लेशच्या ओवऱ्यांतली नव्हे. जुडग्याच्या कल्पनेसाठी ह्यूमला सयामला जाण्याची गरज नव्हती.

आणखी एक गोष्ट मी त्या भाषणात विसरलो होतो. देसिदेरीने ल्हासात शून्यतेचा अभ्यास केला तो ती खोडण्यासाठी. त्याने तिबेटी भाषेत खंडनपर ग्रंथ लिहिले. म्हणजे संघाच्या वाटेने बुद्धाचा विचार आला असता तर तोही पूर्वपक्ष म्हणूनच आला असता. शिवाय साम्य म्हणजे वंश नव्हे. बुद्धाचा अनात्मवाद दुःखनिरोधाकडे जातो. ह्यूम आपल्या संशयाने घाबराघुबरा होतो आणि मित्रांबरोबर जेवून, सोंगट्या खेळून स्वतःला सावरतो.

तरीही या कॉलेजाने ह्यूमला काही दिले, आणि त्याचा पुरावा त्याच्याच हातचा आहे. १७६२ मध्ये जॉर्ज कँपबेल यांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, चमत्कारांविरुद्धचा आपला प्रसिद्ध युक्तिवाद आपल्याला या कॉलेजाच्या ओवऱ्यांत फिरताना सुचला. सोबत एक बऱ्यापैकी विद्वान जेझुइट होता आणि तो मठात नुकत्याच घडलेल्या एका चमत्काराची गोष्ट सांगत होता. ह्यूमचा आक्षेप ऐकून तो गडबडला. मग म्हणाला की हा युक्तिवाद बरोबर असू शकत नाही, कारण तो शुभवर्तमानांतल्या चमत्कारांनाही तितकाच लागू पडेल. ह्यूमने हे उत्तर पुरेसे मानले, अर्थात मिस्कीलपणे. वर तो असेही सुचवतो की इतका मोकळा विचार जेझुइटांच्या मठात जन्मावा हे अजबच.

मला ते अजब वाटत नाही. परक्या, प्रॉटेस्टंट घरातल्या, विशीतल्या तरुणाशी वाद घालायला एक पाद्री तयार होता, कारण वाद घालणे हाच त्याच्या घरचा रिवाज होता. आणि त्याचे उत्तर या कॉलेजाची सारी कथा एका वाक्यात सांगते: युक्तिवाद सिद्धांताला धक्का देतो, म्हणून युक्तिवाद चूक. गॉपनिक यांनी त्या पाद्र्याच्या स्मरणात बुद्ध शोधला. मला तिथे त्यापेक्षा साधी गोष्ट दिसते: पूर्वपक्ष ऐकून घेण्याची सवय, आणि त्या सवयीला घातलेले कुंपण. देकार्त आणि ह्यूम दोघांनीही सवय घेतली आणि कुंपण सोडले.

शेवट

संघाचे दिवस त्याच वर्षी, १७६२ मध्ये, संपले. पार्लमेंटच्या हुकुमाने जेझुइटांची कॉलेजे बंद झाली. गोव्यातून ते त्याआधीच, १७५९ मध्ये, घालवले गेले होते. १७६४ मध्ये ला फ्लेशला लष्करी विद्यार्थ्यांची शाळा आली. १८०८ मध्ये नेपोलियनने आपली ‘प्रितानी’ तिथे हलवली. आजही ती लष्करी शाळाच आहे. १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी चौथ्या हेन्रीचे हृदय चौकात जाळले. एका गावकऱ्याने राख जपून ठेवली, म्हणून ती तेवढी राहिली.

मी स्वतः कॉलेजात गेलेलो नाही. नोकरी सांभाळून, ग्रंथालयातून पुस्तके आणून, शब्दकोश शेजारी ठेवून जे वाचले तेवढेच माझे शिक्षण. त्यामुळे कॉलेजाने माणूस घडतो की कॉलेज सोडून, या वादात मला फारसा अधिकार नाही. पण एक चूक मला आतून ठाऊक आहे. त्या दिवशी मीही ला फ्लेशच्या पाद्र्यासारखाच वागलो होतो. सिद्धांत आधी ठरवला, बुद्ध ह्यूमपर्यंत पोहोचलाच पाहिजे असा, आणि पुरावे त्याच्या सेवेला लावले. आपला एखादा थोर विचार युरोपने आपल्याकडूनच घेतला असावा, ही इच्छा आपल्यापैकी अनेकांना असते. ती समजण्यासारखी आहे. पण तिच्यासाठी ‘शकला असता’चे ‘होता’ करणे म्हणजे बुद्धाचा मान वाढवणे नव्हे. नागसेनाने मिलिंदाला असे उत्तर दिले नसते.

ते शिक्षक अजूनही मंडळात येतात. या लेखाची प्रत मी त्यांना देणार आहे. मागच्या रांगेतून पुढचा आक्षेप काय येतो, ते पाहायचे.